स्वतंत्रपूर : मुक्त बंदी-वसाहत व तिची यूरोपीय वैचारिक पूर्वपीठिका

स्वतंत्रपूर : महाराष्ट्र राज्याच्या सांगली जिल्ह्यात आटपाडी गावाजवळ असलेली शिक्षाबंद्यांची मुक्त वसाहत. पूर्वीच्या औंध संस्थानात १९३९ मध्ये ती स्थापन झाली. कारागृहाला भिंत नसावी, बंद्याने आपल्या कुटुंबासह राहावे, जमीन कसावी आणि शिक्षेचा काळ संसार करीत पुरा करावा, ही तिच्यामागील कल्पना. गांधीप्रणीत ग्रामस्वराज्याचा एक प्रयोग म्हणून स्वतंत्रपूरचा उल्लेख केला जातो व तो यथार्थ आहे. तथापि अपराध्याच्या ठिकाणी सदसद्‍विवेक शिल्लक असतो आणि शिक्षेने तो जागा करता येतो, हा जो विचार या वसाहतीच्या मुळाशी आहे, त्याची कुळकथा यूरोपातील ख्रिस्ती धर्मविचारात सुरू होते. मठातील कोठडीपासून माणदेशातील उघड्या रानापर्यंत तो विचार ज्या वाटेने आला, ती वाट सरळ नाही; मध्ये त्याने धर्माची साथ सोडली, भिंती उंच केल्या आणि काही काळ अपराध्याला विवेकच नसतो असेही म्हणून पाहिले.

औंध संस्थानाचे प्रदेश सलग नव्हते. सातारा जिल्ह्यातील औंध, त्यापासून दूर असलेले कुंडल, पूर्वेकडील आटपाडी महाल आणि विजापूरकडील गुणदाळ असे त्याचे तुकडे इतर मुलखांत विखुरलेले होते. एकूण गावे ७२ व लोकसंख्या पाऊण लाखाच्या आसपास. आटपाडी महाल हा माण नदीच्या खोऱ्यातील अवर्षणप्रवण भाग. खिलार जनावरांची ‘आटपाडी महाल’ ही उपजात याच नावाने ओळखली जाते. खरसुंडीच्या सिद्धनाथाची यात्रा व तिथला जनावरांचा बाजार हे या भागाचे मोठे आर्थिक व्यवहार. पाऊस हुलकावणी देणाऱ्या अशा मुलखात जमीन कसून स्वावलंबी व्हावयाचे, ही बंद्यांपुढे ठेवलेली अट मुळीच सोपी नव्हती, हे ध्यानात घ्यावयास हवे.

रोमन विधिपरंपरेत तुरुंग ही शिक्षा मानली जात नसे. माणसाला निवाड्यापर्यंत धरून ठेवण्याची ती जागा असून दंड देण्याची नव्हे, असे अल्पियन या विधिज्ञाचे मत पुढे शतकानुशतके प्रमाण मानले गेले. देहदंड, अंगच्छेद, फटके, हद्दपारी आणि दंड या शिक्षा होत्या. नुसते कोंडून ठेवणे ही शिक्षा नव्हती. कोंडण्याला शिक्षेचे स्वरूप आले ते चर्चमध्ये. धर्मपीठाने रक्त सांडू नये असा चर्चचा दंडक असल्याने चुकलेल्या भिक्षूला मठातील एका खोलीत एकांतात ठेवून त्याच्याकडून प्रायश्चित्त करून घेण्याची पद्धत रूढ झाली. एकांत, मौन, अल्प आहार व प्रार्थना यांनी अनुताप उत्पन्न होतो, अशी तिच्यामागील श्रद्धा. कारागृहासाठी पुढे इंग्रजीत रुळलेला ‘पेनिटेन्शरी’ हा शब्द प्रायश्चित्तवाचक लॅटिन शब्दावरून आला आहे, तो या इतिहासाची साक्ष होय. याच कोठडीचा उपयोग धर्मन्यायपीठाने पाखंडी ठरविलेल्यांना वठणीवर आणण्यासाठीही केला. तेव्हा अनुतापाची ही जागा आरंभापासूनच करुणा आणि सक्ती या दोहोंची मिळून होती.

अठराव्या शतकात यूरोपीय दंडनीतीवर जो हल्ला झाला तो दोन बाजूंनी झाला. एक बाजू प्रबोधनकालीन विवेकवाद्यांची. तूलूझ येथील झां कालास या प्रॉटेस्टंट व्यापाऱ्याला, कॅथलिक होऊ पाहणाऱ्या मुलाचा खून केल्याच्या आरोपावरून १७६२ मध्ये हाल करून ठार मारण्यात आले. व्हॉल्तेअरने त्याची बाजू हाती घेतली व १७६५ मध्ये कालास निर्दोष असल्याचा निर्णय झाला. मिलान येथील चेझारे बेक्कारीआ याचा गुन्हे व शिक्षा यांवरील ग्रंथ १७६४ मध्ये प्रसिद्ध झाला. पाप आणि गुन्हा या भिन्न गोष्टी आहेत, शिक्षेचे माप समाजाला झालेल्या हानीवरून ठरावे, पापाचा हिशेब ईश्वराकडे सोपवावा, हे त्याचे प्रतिपादन. दोनच वर्षांत चर्चने या ग्रंथाचा समावेश निषिद्ध ग्रंथांच्या यादीत केला. दुसरी बाजू प्रस्थापित चर्चशी न जुळणाऱ्या ख्रिस्ती पंथीयांची. जॉन हॉवर्ड हा इंग्लंडमधील कॅल्व्हिनपंथी गृहस्थ १७७३ मध्ये बेडफर्डशरचा शेरीफ झाला. निर्दोष सुटलेल्या माणसांनाही तुरुंगाधिकाऱ्याची फी भरता येत नाही म्हणून तुरुंगातच राहावे लागते, हे त्याला तेथे दिसले. मग त्याने इंग्लंड-वेल्समधील व पुढे यूरोप खंडातील तुरुंग पालथे घातले आणि १७७७ मध्ये आपला प्रसिद्ध वृत्तांत छापला. बंद्यांना स्वच्छ हवा, काम, स्वतंत्र कोठडी व धर्मोपदेश मिळावा, अशा त्याच्या मागण्या होत्या. १७९० मध्ये दक्षिण रशियातील खेरसॉन येथे, रुग्णालये पाहत फिरत असताना, त्याचा अंत झाला.

क्वेकर पंथाने या विचाराला त्याचे सर्वांत टोकाचे रूप दिले. प्रत्येक माणसाच्या अंतरात ईश्वरी प्रकाशाचा अंश असतो. त्यासाठी पुरोहित वा विधी यांची गरज नाही, हा त्या पंथाचा गाभा. अपराध्याच्या अंतरातही तो प्रकाश असलाच पाहिजे. बाहेरचा गलबला थांबविला की तो दिसू लागेल, असे अनुमान त्यातून निघाले. इंग्लंडमधून छळामुळे अमेरिकेत गेलेल्या क्वेकरांनी वसविलेल्या पेनसिल्व्हेनियात त्याची अंमलबजावणी झाली. फिलाडेल्फिया येथे १८२९ मध्ये उघडलेल्या कारागृहात प्रत्येक बंद्याला स्वतंत्र कोठडी, हातात बायबल, करावयास काही काम आणि छतात प्रकाशासाठी एक झरोका होता. त्या झरोक्याला ‘ईश्वराचा डोळा’ म्हटले जाई. वर्षानुवर्षे बंदी दुसऱ्या बंद्याचे तोंड पाहत नसे. तॉकव्हील व बोमाँ हे फ्रेंच अभ्यासक १८३१ मध्ये ही पद्धत पाहावयास गेले. लंडनचे पेंटनव्हिल कारागृह १८४२ मध्ये त्याच नमुन्यावर बांधले गेले. तेथे बंदी मुखवटे घालून फिरत आणि प्रार्थनामंदिरातही एकमेकांना दिसू नयेत म्हणून त्यांच्यासाठी फळ्यांचे आडोसे असत. चार्ल्स डिकिन्झ याने १८४२ मध्ये फिलाडेल्फियाचे कारागृह पाहून मनाचा हा मंद छळ शरीराच्या छळाहून वाईट असल्याचा अभिप्राय दिला. वेडाची प्रकरणे वाढत गेली, तशी ही पद्धत हळूहळू मागे पडली. सद्‍भावनेने केलेली क्रूरता कशी असते, याचे एवढे स्पष्ट उदाहरण आधुनिक इतिहासात क्वचितच सापडेल. एलिझाबेथ फ्राय हीदेखील क्वेकरच होती. पण लंडनच्या न्यूगेट तुरुंगात १८१३ पासून जाऊन तिने स्त्रीबंद्यांमध्ये जे काम केले, त्यात शिवणकाम, मुलांची शाळा आणि एकत्र वाचन यांवर भर होता. स्त्रियांना एकमेकींपासून तोडण्याऐवजी तिने त्यांना एकत्र बसविले. एकाच श्रद्धेतून दोन परस्परविरुद्ध व्यवस्था निघाल्या, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

एकोणिसाव्या शतकात श्रद्धा ओसरली, व्यवस्था राहिली. जेरेमी बेंथॅमने १७९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वर्तुळाकार कारागृहाच्या आराखड्यात मध्यभागी असलेल्या मनोऱ्यातून पहारेकरी सर्वांना पाहू शकतो. बंद्याला मात्र तो दिसत नाही. सर्वसाक्षी ईश्वराची जागा येथे निरीक्षकाने घेतली आहे. कांटच्या मते (१७९७) शिक्षा ही उपयुक्ततेसाठी नसून न्यायाची आज्ञा आहे; समाज विसर्जित व्हावयाचा झाला तरी कारागृहातील शेवटच्या खुन्याला आधी फाशी दिली पाहिजे. हेगेलने (१८२१) तर शिक्षा हा अपराध्याचा हक्क ठरविला. शिक्षा देऊन आपण त्याला विवेकी माणूस म्हणून मान देतो, असा त्याचा युक्तिवाद. दोघांच्याही विवेचनात माणसाची प्रतिष्ठा आहे. मात्र सुधारणेची वाट पाहणारी करुणा नाही. १८७६ मध्ये इटालियन वैद्य लोंब्रोसो याने कवट्यांच्या मोजमापांवरून ‘जन्मजात गुन्हेगार’ हा प्रकार सिद्ध केल्याचा दावा केला, आणि अनुतापाचा प्रश्नच निकालात काढला.

ब्रिटिश हिंदुस्थानात आधुनिक कारागृह आले ते या घडीला. मेकॉले ज्या समितीचा सदस्य होता तिने १८३८ च्या अहवालात नैतिक व धार्मिक शिकवणुकीने बंदी सुधारण्याची कल्पना बाजूला सारली आणि कंटाळवाण्या, एकसुरी श्रमाची शिफारस केली. यूरोपात भिंत आणि प्रायश्चित्त यांचा जो संबंध होता, तो समुद्र ओलांडताना तुटला. इकडे आली ती नुसती भिंत. येरवड्याचे कारागृह १८७१ मध्ये बांधले गेले. त्याच वर्षी जन्मानेच गुन्हेगार मानलेल्या जमातींसाठी कायदा झाला व पुढे मुंबई इलाख्यात त्या जमातींच्या कुंपणबंद वसाहती निघाल्या. आटपाडीला लागून असलेल्या सोलापूर जिल्ह्यात, खुद्द सोलापूर शहरात, अशी मोठी वसाहत होती. कोणताही गुन्हा न केलेली माणसे तेथे हजेरी देत व तारेच्या कुंपणात राहत. तो कायदा रद्द झाला १९५२ मध्ये. सुधारणा हे कारागृहाचे उद्दिष्ट असल्याचे सरकारी पातळीवर प्रथम ठळकपणे मान्य झाले, ते १९१९–२० च्या भारतीय कारागृह समितीच्या अहवालात.

यूरोपात मात्र धर्माच्या अंगाने या प्रश्नाचा पुन्हा विचार सुरू झाला होता, आणि या वेळी तो चर्चच्या बाहेर होता. डॉस्टोव्हस्कीने ऑम्स्कच्या बंदिशाळेत चार वर्षे (१८५०–५४) काढली; जवळ बाळगण्यास परवानगी असलेले पुस्तक एकच, बायबलचा नवा करार. टॉलस्टॉयच्या पुनरुत्थान (१८९९) या कादंबरीत एक सरदार, आपल्यामुळे देशोधडीला लागलेल्या व खोट्या आरोपावरून शिक्षा झालेल्या स्त्रीच्या मागोमाग सैबीरियाला जातो. न्यायालये, तुरुंग व राजमान्य चर्च ही तिन्ही ख्रिस्ताच्या शिकवणुकीच्या विरुद्ध आहेत, अशा निष्कर्षाला टॉलस्टॉय आला. १९०१ मध्ये रशियन चर्चने त्याला बहिष्कृत केले. कोणालाही दुसऱ्याचा न्याय करण्याचा नैतिक अधिकार नाही, हे त्याचे मत व्यवहारात उतरण्यासारखे नव्हते. पण अपराध्याकडे पाहणारा स्वतः निर्दोष नसतो ही जाणीव त्याने दंडविचारात आणली. महात्मा गांधींनी दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय व रस्किन वाचले. १९१० मध्ये जोहॅनिसबर्गजवळ ‘टॉलस्टॉय फार्म’ काढले. पुढे येरवड्याच्या भिंती आतून पाहिल्या. गुन्हेगार हा रोगी आहे व तुरुंग हे रुग्णालय असले पाहिजे, असे त्यांनी १९४७ मध्ये लिहिले. पण ही धारणा त्यांच्या मनात जुनी होती.

टॉलस्टॉयप्रमाणेच चर्चवर समाधान नसलेल्या, तरीही जडवादाकडे वळण्यास नाखूष असलेल्या यूरोपीय सुशिक्षितांचा एक मोठा वर्ग त्या काळी निर्माण झाला होता. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या थिऑसॉफिकल सोसायटीने त्यांच्यापैकी अनेकांना भारतीय तत्त्वज्ञानाकडे वळविले. जे. कृष्णमूर्ती यांनी १९२९ मध्ये हॉलंडमधील ओमेन येथे आपल्याभोवती उभा केलेला संघ विसर्जित करून कोणत्याही गुरूची वा संघटनेची गरज नाकारली, तेव्हा या शोधाला आणखी एक वळण मिळाले. मॉरिस फ्रिडमन हे याच पिढीतील. वॉर्सा येथील ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. विद्युत् अभियंता म्हणून फ्रान्समध्ये काम करीत असता म्हैसूरचे दिवाण मिर्झा इस्माइल यांच्या निमंत्रणावरून ते बंगलोरच्या सरकारी विद्युत् कारखान्याचे प्रमुख म्हणून भारतात आले. थिऑसॉफी व कृष्णमूर्ती यांच्याकडून ते रमण महर्षींकडे आणि तेथून गांधींकडे आले. संन्यास घेऊन त्यांनी ‘भारतानंद’ हे नाव धारण केले. सेवाग्रामच्या वास्तव्यात त्यांनी तयार केलेली धनुष तकली प्रसिद्ध आहे. धर्मांतर, संन्यास आणि यंत्रविद्या या तिन्ही गोष्टी त्यांच्या ठायी सहज नांदत होत्या.

औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) हे चित्रकार, कीर्तनकार व सूर्यनमस्कारांचे पुरस्कर्ते म्हणून ख्यातनाम. वेदांचे भाष्यकार श्रीपाद दामोदर सातवळेकर यांचे स्वाध्याय मंडळ त्यांच्याच आश्रयाने औंधात होते. त्यांचे पुत्र आप्पासाहेब पंत (१९१२–९२) ऑक्सफर्ड येथे शिकून व बॅरिस्टर होऊन परतले. प्रजेच्या हाती सत्ता सोपविण्याचा विचार पक्का झाला तेव्हा फ्रिडमन यांचा त्यात मोठा वाटा होता. गांधींच्या सल्ल्याने तयार झालेल्या संविधानावर २१ जानेवारी १९३९ रोजी राजांनी सही केली. गावाने निवडलेली पंचायत हा त्या संविधानाचा पाया होता.

स्वतंत्रपूरची कल्पना आप्पासाहेब व फ्रिडमन यांच्या नावे सांगितली जाते. ज्या बंद्यांना दीर्घ मुदतीच्या शिक्षा झाल्या होत्या, त्यांच्यापैकी निवडक बंद्यांना आटपाडीजवळच्या या वसाहतीत आणण्यात आले. येथे कोठडीऐवजी घर होते, पहारेकऱ्याऐवजी बायकामुले होती आणि एकांताऐवजी शेजार होता. फिलाडेल्फियात जे जे वगळले होते, ते ते येथे परत आणले गेले. विवेक जागा होण्यासाठी माणसाला माणसांपासून तोडावे लागते, हे क्वेकरांचे गृहीत. तो माणसांतच जागा होतो, हे स्वतंत्रपूरचे. या दृष्टीने ही वसाहत एलिझाबेथ फ्राय हिच्या वाटेवरची आहे. तिच्या आधी यूरोपातही शेतीवर आधारलेले काही प्रयत्न झाले होते. फ्रान्समधील मेत्रे येथील बालगुन्हेगारांची शेतीवसाहत (१८४०), स्वित्झर्लंडमधील व्हिट्सव्हील आणि इंग्लंडमध्ये वेकफील्ड कारागृहाला जोडून १९३६ मध्ये काढलेली मुक्त छावणी हे त्यांपैकी होत. पण बंद्याचे कुटुंब हाच सुधारणेचा आधार मानण्याचे धैर्य त्यांच्यात दिसत नाही. शेतकरी समाजात माणसाला घर, बैल आणि वावर यांनी जखडून ठेवणे अधिक पक्के असते, हा व्यवहारही त्यात होताच.

एक योगायोग येथे नोंदविण्याजोगा आहे. वॉर्साचा एक ज्यू अभियंता आटपाडीच्या माळावर भिंतीविना कारागृह उभारण्यास हातभार लावीत होता, त्याच्या पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९४० मध्ये, वॉर्सातील ज्यूंची वस्ती भिंत घालून बंद करण्यात आली.

या प्रयोगाच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. त्याचा आधार एका उदार राजाची इच्छा हा होता व संस्थान लहान असल्यामुळेच तो शक्य झाला. बंद्याची पत्नी व मुले कोणत्याही गुन्ह्याची शिक्षा झालेली नसताना वसाहतीच्या नियमांखाली राहत; त्यांच्या संमतीचा प्रश्न त्या काळी कोणी गांभीर्याने विचारला असे वाटत नाही. आणि ज्याचा खून झाला त्याच्या घरचे लोक या सगळ्या विचारात कोठेच नाहीत. हा दोष एकट्या स्वतंत्रपूरचा नाही. हॉवर्डपासून टॉलस्टॉयपर्यंतच्या परंपरेचे सर्व लक्ष अपराध्याच्या आत्म्यावर खिळलेले आहे. विधवेच्या उंबऱ्यापर्यंत ती क्वचितच जाते.

स्वतंत्रपूरचे नाव सर्वदूर झाले ते चित्रपटामुळे. व्ही. शांताराम यांचा दो आँखें बारह हाथ १९५७ मध्ये प्रदर्शित झाला व १९५८ च्या बर्लिन महोत्सवात त्याला रौप्य अस्वलाचा पुरस्कार मिळाला. कथा-पटकथा ग. दि. माडगूळकर यांची. त्यांचा जन्म आटपाडी परिसरातील शेटफळे येथला असल्याने हा मुलूख व औंध संस्थान त्यांच्या ओळखीचे होते. चित्रपटात सहा खुनी एका ध्येयवादी जेलरबरोबर माळरान फुलवितात. त्यांना पळून जाण्यापासून रोखतात ते त्या जेलरचे डोळे. कलाकृती म्हणून हे प्रभावी आहे. मात्र येथे मूळ कल्पनेत एक सूक्ष्म बदल झाला आहे. कुटुंब मागे सरले आणि पाहणारा डोळा पुढे आला. भरत व्यास यांनी लिहिलेली व वसंत देसाई यांनी स्वरबद्ध केलेली प्रार्थना पुढे देशभर शाळाशाळांतून म्हटली गेली. फिलाडेल्फियाच्या छतातला झरोका आणि पडद्यावरचे दोन डोळे यांत वाटते तेवढे अंतर नाही.

८ मार्च १९४८ रोजी औंध संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. आटपाडी १९४९ मध्ये नव्या दक्षिण सातारा जिल्ह्यात गेली; १९६० मध्ये त्या जिल्ह्याला सांगली हे नाव मिळाले. विलीनीकरणानंतर संस्थानाचे अनेक प्रयोग बंद पडले. स्वतंत्रपूर मात्र राज्याच्या कारागृह विभागाकडे येऊन टिकले. उत्तर प्रदेशात संपूर्णानंद यांच्या पुढाकाराने चंद्रप्रभा धरणाच्या कामावर १९५२ मध्ये बंद्यांची मुक्त छावणी निघाली. महाराष्ट्रात येरवडा (१९५५) व पैठण (१९६८) येथे मुक्त कारागृहे सुरू झाली आणि १९७१ मध्ये त्यांचे नियम तयार झाले. या कारागृहांत प्रवेश मिळतो तो बंदिस्त कारागृहात काही काळ काढून चांगल्या वर्तणुकीची खात्री पटल्यावर; म्हणजे आधी भिंत, मग विश्वास, असा क्रम त्यांत आहे. फ्रिडमन पुढे तिबेटी निर्वासितांच्या कामात पडले व अखेरच्या वर्षांत मुंबईच्या खेतवाडीतील निसर्गदत्त महाराजांकडे जाऊ लागले. बिडीचे दुकान चालविलेल्या या सत्पुरुषाची मराठीतील संभाषणे त्यांनी इंग्रजीत आणली; १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेला तो ग्रंथ यूरोप-अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर वाचला गेला. स्वतंत्रपूरची वसाहत लहानच राहिली. तिच्यातील बंद्यांची संख्या तिसाच्या आत असून बायकामुलांसह राहण्याची मूळची सवलत हे तिचे वेगळेपण आहे.